म्हशीच्या यकृतातला चपटा कृमी: चेतातंतू आणि स्नायूंच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२४

विषय नक्की झाला. फॅसिओला जायगँटिका या यकृतकृमीची चेतासंस्था आणि स्नायू, शक्यतो एकाच नमुन्यात दोन्ही दिसतील असे. जोडीला म्हशीच्या वजडीला चिकटलेला गॅस्ट्रोथायलॅक्स क्रूमेनिफर आणि बोकडाच्या आतड्यातला पट्टकृमी मोनिएझिया एक्स्पान्सा. तिन्ही कत्तलखान्यात फुकट मिळतात, हे निवडीमागचं अर्धं कारण.

उरलेलं अर्धं कारण पाठ्यपुस्तकात आहे. परजीवी जीवनामुळे ज्ञानेंद्रियं आणि चेतासंस्था ऱ्हास पावते, हे वाक्य बी.एस्सी.च्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतं. शेजारची आकृतीही ठरलेली: वर घशाच्या दोन बाजूंना दोन गुच्छिका (चेतापेशींचे पुंजके), खाली उभे चेतारज्जू, मधून आडवे दुवे. स्नायूंची आकृती दोन पानं पुढे, जणू दुसऱ्याच प्राण्याची. कुठल्या स्नायूला कुठून चेता जाते हा प्रश्न त्यामुळे कुणाला पडतच नाही. ज्ञानेंद्रियांपुरतं ते वाक्य चालेल, कारण प्रौढ यकृतकृमीला डोळे नसतात. पण पित्तनलिकेत दोन चूषकांच्या (वाटीसारख्या धरून ठेवणाऱ्या अवयवांच्या) जोरावर टिकून राहायचं, भिंत खरवडून खायचं आणि रोज हजारो अंडी बाहेर सोडायची, एवढा कारभार ऱ्हास पावलेल्या यंत्रणेवर चालतो यावर माझा विश्वास बसत नाही.

गटात एम.एस्सी. भाग दोनचे तिघं. एकीचं अक्षर चांगलं आहे, तर नमुन्यांची वही तिच्याकडे.

३० जुलै

वाचन. उभ्या रज्जूंच्या तीन जोड्या (पोटाकडची, पाठीकडची, बाजूची) आणि त्यांना काटकोनात जोडणारे आडवे दुवे, या आराखड्याला ‘ऑर्थोगॉन’ हे नाव एरिख रायझिंगर यांनी १९२५ मध्ये दिलं, तेही एका मुक्तजीवी चपट्या कृमीवरून. परजीवींमध्येही आराखडा तोच, फक्त पोटाकडची जोडी ठळक आणि बाकीच्या बारीक.

खरी भर पडली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत, आणि ती दोन ठिकाणांहून. फिनलंडमधल्या ओबो अकादमीत मार्गारेटा गुस्ताफसन आणि मारिया रॉयटर, आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात डेव्हिड हॉल्टन आणि ॲरन मॉल. १९९१ मध्ये बेलफास्टच्या गटाने मोनिएझिया एक्स्पान्सातून न्यूरोपेप्टाइड एफ वेगळं काढलं, चेतापेशींचा निरोप नेणारी ३९ अमिनो आम्लांची साखळी. दोन वर्षांनी त्याच कृमीतून सहा अमिनो आम्लांचं आणखी एक पेप्टाइड सापडलं, जीएनएफएफआरएफ-अमाइड. आपल्याकडे बोकडाची आतडी साफ करताना जे पांढरं फीत फीत निघतं आणि गटारात जातं, तोच हा प्राणी.

मुलांशी चर्चा करताना एक मुद्दा नीट मांडता आला, तो इथे लिहून ठेवतो. या प्राण्यांना रक्त नाही आणि देहगुहाही नाही. ग्रंथीने संप्रेरक रक्तात सोडावं आणि ते पार शेपटीला पोचावं, अशी सोयच नाही. म्हणजे दूरच्या अवयवाला निरोप द्यायचा तर तिथवर चेतातंतूच न्यावा लागतो, आणि त्या तंतूच्या फुगीर गाठींमधून पेप्टाइड आसपासच्या ऊतींत झिरपतं. चेतासंस्था आणि अंतःस्रावी संस्था अशी दोन खाती इथे एकत्रच आहेत. मग एवढ्या मोठ्या जबाबदारीची संस्था ‘ऱ्हास पावलेली’ कशी?

९ ऑगस्ट

पहाटे नगरपालिकेच्या कत्तलखान्यात. थर्मासमध्ये ३८ अंशांचं सलाइन, चिमटे, बोथट कात्री, मोठ्या तोंडाच्या बाटल्या. तिथल्या चाचांना आधी निरोप दिला होता. ते म्हणाले, “सर, किडक्या कलेज्या बाजूला ठेवल्यात बघा. कुठली पाहिजे ती घ्या.” बोटांनी चाचपूनच ते सांगतात कुठली किडकी: पित्ताच्या नळ्या जाड आणि कडक लागतात. नळी उभी चिरली आणि यकृत बाजूने दाबलं की कृमी पित्ताबरोबर बाहेर सरकतात. लांबट, पानासारखे, करडे-तपकिरी. फॅसिओला जायगँटिका ७५ मिलिमीटरपर्यंत वाढतो; आजचे मोठे नमुने तेवढे नाहीत, पण स्लाइडवर मावतही नाहीत.

चाचांनी विचारलं, “ही चुकून पोटात गेली तर माणसालाबी हे होतंय का?” कलेजीतला मोठा कृमी खाल्ल्याने रोग जडत नाही. संसर्ग होतो तो पाण्याकाठच्या गवतावर, पाणवनस्पतींवर चिकटलेल्या सूक्ष्म कोषांतून, आणि तो माणसालाही होऊ शकतो. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त कामाचा होता: मग म्हैस गाभण असताना दिलेल्या गोळीने हे मरतात का? त्यासाठी डॉक्टरांनाच विचारा म्हटलं.

परतल्यावर कृमी कोमट सलाइनमध्ये काही तास ठेवले, सलाइन बदलत राहिलो. आतड्यातला काळपट ऐवज ते स्वतःच ओकून टाकतात. हे झाल्याशिवाय रंगवण्यात अर्थ नाही, कारण आतड्याच्या फांद्या शरीरभर असतात आणि त्या काळ्या राहिल्या की चेता झाकून जाते.

बारीक पित्तनलिकांतून काढलेले कोवळे कृमी वेगळ्या बाटलीत. होलमाउंटला, म्हणजे अख्खा कृमी न कापता स्लाइडवर बसवायला, तेच उपयोगी.

२२ ऑगस्ट

स्टेन कुठला, यावर आज बराच काथ्याकूट. ॲसिटिलकोलिन हा चेतांचा निरोप्या रेणू मोडणारं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर जिथे आहे तिथे रंग उमटवायचा, हे तत्त्व जुनं आणि स्वस्त. कार्नोव्स्की आणि रूट्स यांची १९६४ची पद्धत सगळ्यांना माहीत: ॲसिटिलथायोकोलिन, कॉपर सल्फेट, पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि विकराच्या जागी तांबूस-तपकिरी साका. पण आमच्या प्राण्यात अडचण अशी की पीतक ग्रंथी मुळातच पिवळट-तपकिरी. अंड्याचं कवच याच ग्रंथींच्या स्रावातून बनतं, आणि ते कवच कडक होताना कातडं कमावण्यासारखीच रासायनिक क्रिया होऊन तपकिरी पडतं. शरीराच्या दोन्ही कडा या ग्रंथींनी भरलेल्या. तपकिरीवर तपकिरी शोधत बसायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ.

म्हणून इन्डॉक्सिल ॲसिटेटची पद्धत. तिच्यात निळा रंग येतो, इंडिगो. पिवळ्यावर निळं स्पष्ट उठतं. तोटा असा की ही पद्धत इतर एस्टरेजांनाही रंगवते, तेव्हा नियंत्रण म्हणून कोलिनेस्टरेजला रोखणारं एसेरिन घातलेली बॅच सोबत हवीच. एसेरिनने जे निळं नाहीसं होतं ते कोलिनेस्टरेजचं, जे उरतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

फिक्सिंग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये, थंड, दोन काचांमध्ये हलक्या दाबाने. आधी बर्फावर ठेवून कृमी शिथिल करायचा, नाहीतर तो आवळलेल्या स्थितीतच कायम होतो. त्यानंतर ट्रायटन घातलेल्या बफरमध्ये मुरवण, कोवळ्या नमुन्यालाही काही दिवस. कृमीचं बाह्यावरण सहज काही आत जाऊ देत नाही. यजमानाच्या पित्तात जगायचं तर ते तसं असायलाच हवं.

६ सप्टेंबर

उद्यापासून गणपतीची सुट्टी, म्हणून आजच सगळ्या स्लाइड बघून घेतल्या.

गुच्छिकांची जोडी घशाच्या दोन्ही अंगांना, वरून जाड दुव्याने जोडलेली. पुढे मुख-चूषकाकडे बारीक चेता जातात आणि चूषकाभोवती कडं करतात. मागे पोटाकडचे दोन रज्जू, पार शेवटच्या टोकापर्यंत. पाठीकडचे बारीक, तुटक दिसतात. बाजूचे पीतक ग्रंथींखाली जवळजवळ हरवलेले. निळा रंग असूनही. एसेरिनच्या बॅचमध्ये सगळं कोरं, बरं वाटलं.

इथवर पुस्तकातली आकृती बरोबर. पण पुस्तकाच्या आकृतीत न दिसणारी गोष्ट ही की निळ्याची दाटी सगळीकडे सारखी नाही. उदर-चूषकापाशी दोन्ही रज्जूंमधून फांद्या आत वळतात आणि चूषकाच्या भिंतीत जाळं होतं. त्याच्या जवळच नर जननेंद्रियाची पिशवी, तिच्या भिंतीतही निळं गडद. उदर-चूषकाच्या मागे मात्र लांबच लांब शरीरात आडवे दुवे विरळ, मध्ये बरंच कोरं. शरीराचा तीन चतुर्थांश भाग म्हणजे आतडं, वृषणं आणि पीतक ग्रंथी, आणि त्याला चेतांचा वाटा अगदी बेताचा.

१९ सप्टेंबर

गॅस्ट्रोथायलॅक्स. ताजा असताना लालसर, त्याच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनमुळे. हा जाडजूड, शंकूसारखा, त्यामुळे होलमाउंट सोडून दिला आणि उसन्या क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप करणारं यंत्र) छेद घेतले. याचा मोठा चूषक मागच्या टोकाला. गुच्छिका पुढे, घट्ट धरायचा अवयव मागे. पोटाकडचे रज्जू मागे जाताना फारसे बारीक होत नाहीत आणि चूषकाभोवती कडं करतात, हे त्याच्याशी जुळतं. जननरंध्र पोटाकडच्या मोठ्या पिशवीत उघडतं. त्या तोंडाशीही निळं दाट.

याच्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की चूषक कुठेही असो, चेतांचा ओघ तिकडे.

१० ऑक्टोबर

बेडकाची विच्छेदनं बंद झाल्यापासून शेरिंग्टनचा ड्रम, म्हणजे स्नायूच्या हालचालीची रेघ फिरत्या कागदावर उमटवणारं यंत्र, कपाटावर धूळ खात पडला होता. प्रयोगशाळेतल्या मामांनी तो उतरवला, मोटरला तेल दिलं, आणि कागदाला रॉकेलच्या ज्योतीवर काजळी धरून दिली. आजच्या मुलांनी हे कधी पाहिलेलं नाही. फोनवर व्हिडिओ काढून मोजता आलं असतं, पण मला हेच हवं होतं. कारण १९४९ मध्ये चान्स आणि मन्सूर यांनी यकृतकृमीवर औषधांचा परिणाम मोजला तो असाच, फिरत्या काजळीच्या कागदावर.

कृमीच्या दोन टोकांना दोरा, एक टोक स्थिर, दुसरं तरफेला. आंघोळीचं भांडं ३८ अंशांवर. थोड्या वेळाने लयीत आकुंचन सुरू झालं आणि कागदावर पांढऱ्या रेघांची नक्षी उमटू लागली.

मग कार्बाकोल घातलं, म्हणजे ॲसिटिलकोलिनसारखं पण विकराने चटकन न मोडणारं. मुलांना बेडकाच्या स्नायूचा पाठ माहीत, त्यामुळे तिघांनीही ‘आवळेल’ असं सांगितलं. रेघ खाली आली. कृमी सैल पडला, लय जवळपास थांबली. धुऊन काढल्यावर हळूहळू परत. मग सेरोटोनिन, हाही चेतांचा निरोप्या रेणू, १०० मायक्रोमोलर. रेघांची उंची वाढली, आणि वाढलेली टिकली.

आपल्या हाडांच्या स्नायूंना ॲसिटिलकोलिन चालना देतं, इथे ते लगाम घालतं. का, याचं उत्तर शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीत सापडलं आहे: २०१४ मध्ये दाखवलं गेलं की त्याच्यात ॲसिटिलकोलिनने उघडणाऱ्या पेशीपटलातल्या काही वाहिन्या क्लोराइड आत सोडतात. आपल्या स्नायूत सोडियम आत येतं आणि पेशी उत्तेजित होते. क्लोराइड आत आलं की ती शांत होते. रेणू तोच, दार वेगळं.

सेरोटोनिनची गोष्ट आणखी रंजक. टॅग मन्सूर यांनी १९५७ मध्ये ते यकृतकृमीला चालना देतं हे दाखवलं. १९६० मध्ये सदरलँड आणि इतरांबरोबर त्यांनी नोंदवलं की सेरोटोनिनमुळे कृमीत चक्रीय एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं. चक्रीय एएमपी शोधणाऱ्या सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं. त्या सगळ्या धावपळीत म्हशी-मेंढ्यांच्या यकृतातल्या या प्राण्याचाही वाटा होता, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.

मामांनी कागद लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घातला आहे. त्यांना कौतुक याचं की ड्रम अजून चालतो.

२१ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुणे. एका संस्थेतल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळाला.

फॅलॉइडिनने स्नायू. हे विष अमानिटा फॅलॉइडीस या जीवघेण्या अळंब्याचं, आणि ते तंतुमय ॲक्टिनला घट्ट चिकटतं. त्याला लाल चमकणारा रंग जोडला की आकुंचन पावणारा प्रत्येक धागा दिसतो. पथ्य एकच आणि कडक: नमुना अल्कोहोलमध्ये जाता कामा नये, विशेषतः मिथेनॉलमध्ये. ॲक्टिनची घडण बिघडली की फॅलॉइडिन धरत नाही. म्हणून निर्जलीकरण टाळून थेट ग्लिसरीनमध्ये बसवले.

पहिल्या दृश्यात स्नायू सोडून काटेच काटे. बाह्यावरणातले सूक्ष्म शूक ॲक्टिनच्या स्फटिकांचेच असतात, ते आधी उजळले. थोडं खाली गेल्यावर वर्तुळाकार धागे, बारीक आणि लगत लगत. त्याखाली उभे, जाड जुडग्यांत, मध्ये जागा सोडून. सगळ्यात आत तिरके, एकमेकांना छेदून जाणारे, आणि ते शरीराच्या पुढच्या भागात ठळक. पुढचा भाग वळतो, चाचपडतो. मागचा बहुतेक पाठोपाठ ओढला जातो. तिरक्या धाग्यांची वाटणी त्याच्याशी जुळते. पाठीपासून पोटापर्यंत आरपार जाणारे धागेही आहेत, कृमी चपटा राहतो तो त्यांच्यामुळे.

चूषकाचा छेद मात्र बघत राहावा असा. भिंतीची बहुतेक जाडी अरीय धाग्यांची, आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्यापर्यंत. मुलांना वाटत होतं की चूषक आवळून धरतो. उलट आहे. अरीय धागे आखडले की भिंत पातळ होते, आतली पोकळी मोठी होते, दाब कमी होतो, आणि यजमानाची ऊती आत ओढली जाते. सोडायचं असेल तेव्हा काठाचे वर्तुळाकार धागे कामाला लागतात. म्हणजे धरून ठेवणं हे सततचं काम आहे, त्याला सतत सूचना लागतात. सप्टेंबरमधलं निळं जाळं इथे कशाला होतं ते आता कळतं.

१२ डिसेंबर

कालव्याच्या कडेला इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या चपट्या गोगलगायी भरपूर. एकेक चंचुपात्रात ठेवून उन्हात ठेवल्या. काहींतून दुहेरी शेपटीच्या सेरकारिया, म्हणजे चपट्या कृमींच्या पोहणाऱ्या अळ्या, बाहेर आल्या. हातमोजे सगळ्यांनी घालायचे, हे दोनदा बजावलं. गुरांच्या शिस्टोसोमांच्या सेरकारिया याच गोगलगायीतून येतात आणि माणसाच्या कातडीत घुसून खाज उठवतात. भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्यांना हा अनुभव असतो.

कोकणचा संदर्भ मुलांना सांगितला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांतल्या मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचं केंद्र गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये नोंदवलं. तिथली गोगलगाय वेगळी होती, फेरिसिया टेनुइस. भारतात हा रोग नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे नाव माहीत असायला हवं.

सेरकारियाच्या शेपटीवर फॅलॉइडिन टाकलं तर उभ्या धाग्यांवर आडवे पट्टे. धडात पट्टे नाहीत, शेपटीत आहेत. एकाच प्राण्यात दोन तऱ्हेचे स्नायू. कारण उघड आहे: शेपटीने भराभर फटकारे मारायचे आहेत, तेही खाणंपिणं न करता, साठवलेल्या ग्लायकोजेनवर. कातडीत शिरताना शेपटी गळून पडते आणि पट्ट्यांचे स्नायू तिच्याबरोबर जातात. पुढच्या आयुष्यात धरायचं, सरकायचं, अंडी ढकलायची. त्याला सावकाश चालणारे साधे स्नायू पुरतात.

९ जानेवारी २०२५

स्नायूपेशी एकेकटी बघायची होती. हायड्राच्या पेशी सुट्या करायला वापरतात तेच ग्लिसरीन, ॲसेटिक आम्ल आणि पाण्याचं मिश्रण घेतलं. बार्सिलोनात बागुन्या आणि रोमेरो यांनी १९८१ मध्ये प्लॅनेरियाच्या पेशी अशाच सुट्या करून मोजल्या होत्या. यकृतकृमीचं बाह्यावरण आधी खरवडून काढावं लागतं, मग काम जमतं.

बहुतेक धागे नुसते, दोन्हीकडे निमुळते, केंद्रकाविना. शोधत गेलं की अधूनमधून एखादा पूर्ण सापडतो: लांब धागा, आणि त्याच्या कुशीतून निघालेल्या बारीक देठावर केंद्रक असलेला फुगीर भाग, दोराला बाजूने मडकं टांगावं तसा. आकुंचनाचं काम एकीकडे, पेशीचा संसार दुसरीकडे. देठ इतका नाजूक की सुटं करतानाच तुटतो, म्हणून नुसते धागे जास्त.

गंमत म्हणजे बाह्यावरणाचंही तसंच आहे. वरचा थर अखंड, पेशींच्या भिंती नाहीत, केंद्रकं नाहीत. केंद्रक असलेले भाग स्नायूंच्या थरांखाली, अरुंद पुलांनी वर जोडलेले. आणि गुच्छिकेतही चेतापेशींचे देह कडेला, मध्ये फक्त तंतूंची गुंतवळ. तिन्ही ऊतींनी केंद्रक कामाच्या जागेपासून वेगळं ठेवलं आहे. यजमान सतत हल्ला करतोय, वरचा थर झिजतोय, अशा ठिकाणी हा बंदोबस्त शहाणपणाचा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रकाशित चित्रं शेजारी ठेवून वाचलं. जाड तंतूंभोवती बारीक तंतू, पण आपल्या हाडांच्या स्नायूंसारखे रांगेत लावलेले खंड नाहीत. खंडांच्या सीमेवरच्या झेड-रेषेऐवजी विखुरलेले घट्ट ठिपके. जाड तंतूंमध्ये पॅरामायोसिन आहे, ज्याच्यावर शिंपले तासन्‌तास मिटून राहू शकतात. शिस्टोसोमातलं हेच प्रथिन लशीसाठीही अभ्यासलं गेलं आहे. पृष्ठभागावरून आत जाणाऱ्या आडव्या नळ्या नाहीत. धागा काही मायक्रोमीटरच जाड, तेव्हा पटलावरून आत शिरणारं कॅल्शियम मध्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. नळ्यांची गरजच काय?

३० जानेवारी

कॅल्शियमवरून प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाची आठवण झालीच होती. बोकडाच्या आतड्यातून मोनिएझियाचे लांब तुकडे आणले, कोमट सलाइनमध्ये ते संथपणे लाटा घेत होते. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं प्राझिक्वांटेल घातलं. तुकडा बघता बघता आखडला, लाटा बंद. नुसत्या डीएमएसओने काही नाही. शेजारच्या भांड्यात फॅसिओला, त्याच मात्रेत, आपल्या चालीने चालू.

प्राझिक्वांटेल जर्मनीत १९७०च्या दशकात तयार झालं. कृमीत कॅल्शियम शिरतं आणि स्नायू आखडतात हे लवकरच दिसलं, पण कुठल्या दारातून, हे कळायला २०१९ उजाडलं: जोनाथन मार्चंट यांच्या गटाने टीआरपीएम कुळातली एक वाहिनी दाखवली. यकृतकृमीतही ती वाहिनी आहे, पण औषध जिथे बसतं त्या खोबणीत एक अमिनो आम्ल वेगळं, म्हणून औषध बसत नाही. त्याच्यासाठी पशुवैद्य ट्रायक्लॅबेन्डाझोल वापरतात. ‘जंताची गोळी’ म्हणून दुकानात एकच गोळी मागणाऱ्यांना ही दोन भांडी दाखवावीत असं वाटलं. चाचांना याचा फोटो पाठवला.

मोनिएझियाच्या निळ्या होलमाउंटमध्ये दोन कडांचे दोन मुख्य रज्जू, आणि प्रत्येक खंडात आडवे दुवे. याच्या प्रत्येक खंडात प्रजननसंस्थेचे दोन संच असतात, दोन्ही कडांना एकेक रंध्र. निळं दाट कुठे, तर त्या रंध्रांपाशीच. आतडं तर या प्राण्याला नाहीच.

२० फेब्रुवारी

पुण्याहून दुहेरी स्टेनच्या प्रतिमा आल्या. स्नायू फॅलॉइडिनने लाल, पेप्टाइड असलेले चेतातंतू एफएमआरएफ-अमाइडच्या प्रतिपिंडाने हिरवे. हे पेप्टाइड मुळात १९७७ मध्ये एका शिंपल्यातून मिळालं. त्याचं प्रतिपिंड चपट्या कृमींच्या मिळत्याजुळत्या पेप्टाइडांनाही धरतं, न्यूरोपेप्टाइड एफ धरून. कुठलं नेमकं पेप्टाइड ते यावरून सांगता येत नाही, पण कुठे आहे ते कळतं.

निळ्या स्लाइडमध्ये ओओटाइपभोवती फार काही नव्हतं. ओओटाइप म्हणजे जिथे बीजांड, पीतक पेशी आणि कवच एकत्र येऊन अंडं घडतं ती जागा. हिरव्या प्रतिमेत तिथेच सगळ्यात जास्त गर्दी. भिंतीत लाल स्नायूंचं आवरण, त्यावर हिरव्या गाठींच्या माळा, आणि बाहेर चेतापेशींचे देह. नुसत्या कोलिनेस्टरेजवर थांबलो असतो तर हा भाग कोरा म्हणून नोंदला गेला असता. जुन्या वर्णनांत यकृतकृमीची चेतासंस्था गरीब का दिसते, याचं एक कारण हेही असावं: बघायला एकच रंग होता.

बेडकाच्या मूत्राशयातल्या पॉलिस्टोमा निप्पोनिकम या चपट्या कृमीवर बेलफास्टच्या गटानेच दाखवलंय की ओओटाइपच्या चेतांमध्ये हे पेप्टाइड अंडी घालण्याच्या काळातच दिसतं, एरवी नाही. म्हणजे ती यंत्रणा कायम चालू नसते, हुकूम आला की चालू होते.

माझं मत आता बनलंय आणि ते प्रबंधाच्या चर्चेत तसंच लिहायचं ठरलं. या कृमींची चेतासंस्था कमी झालेली नाही, तिची वाटणी बदलली आहे. अन्न शोधायला हिंडायचं नाही म्हणून शरीरभराचं जाळं विरळ. धरायचं आणि अंडी घडवायची, म्हणून चूषक आणि जननमार्गांवर खर्च. पाठ्यपुस्तकातली आकृती गुच्छिका आणि रज्जूंवर संपते, आणि खर्च कुठे झाला ते तिच्यात येतच नाही. एकीचं म्हणणं, फक्त आकृती बदलू, वाक्य राहू दे. मी ऐकलं नाही.

६ मार्च

राहिलेलं काम. कोवळ्या, अजून अंडी न धरलेल्या फॅसिओलांचा एक संच ओओटाइपच्या हिरव्या स्टेनसाठी ठेवला आहे. पॉलिस्टोमात जे ऋतूप्रमाणे बदलतं ते इथे वयाप्रमाणे बदलतं का, एवढंच बघायचं. नमुने पॅराफॉर्मल्डिहाइडमधून बफरमध्ये हलवले, सोडियम अझाइड घालून चार अंशांवर. बाटलीवर ‘विष’ लिहिलंय, झाकण उघडं ठेवायचं नाही. प्रतिपिंडाचे छोटे भाग करून उणे २० वर. फॅलॉइडिन थोडंच उरलंय, ते याच संचासाठी राखून ठेवायचं, प्रात्यक्षिकाला काढायचं नाही.

ड्रमचे कागद वर्गात लावायला मागितलेत. कार्बाकोल आणि सेरोटोनिनचा एकेक देणार, बाकीचे प्रबंधाला जोडायचे आहेत.